समासातली कोंबडी

नॉर्मंडीच्या त्या पठारावर
समुद्र ऐकू येतो, दिसत नाही.
दर दुसऱ्या गुरुवारी
चर्चच्या भिंतीलगत फिरत्या वाचनालयाची गाडी थांबते.
ओदीलनं कादंबरी निवडली ती जाडी बघून:
जवस उपटून होईस्तोवर पुरावी.

कादंबरीत एक बाई आहे. खेड्यातली. लग्नाला सात वर्षं.
तिच्याविषयी सरळ काही सांगणं
लेखकाच्या जिवावर येतं.
दर पानावर ती कशासारखी तरी असते.
पिंजऱ्यातल्या मैनेसारखी.
काठाला बांधून ठेवलेल्या होडीसारखी.
बावन्नाव्या पानावर वाऱ्यातल्या मेणबत्तीसारखी
आणि त्याच पानावर, चार ओळींनी,
मेणबत्तीवर झेपावणाऱ्या पाखरासारखीही.
(एकाच वेळी दोन्ही कशी, बाई?)

ओदील भांडी विसळते, हात पुसते, पान उलटते.
एकवीस वर्षं तिनं कोंबड्या पाळल्यात.
खुराड्याचं दार दिवसभर सताड उघडं,
आणि अंधारू लागलं की सगळ्याजणी
आपापल्या पायांनी आत,
त्याच दांडीवर, त्याच क्रमानं.
हे कसं कुणी लिहीत नाही?

दुधाच्या वहीची पेन्सिल घेऊन
तिनं समासात लिहिलं:
'मैना नव्हे, कोंबडी. दार उघडंच होतं.'
होडीपाशी लिहिलं:
'हिला निदान दिवसातून दोनदा भरती भेटते.'
मेणबत्तीपाशी नुसतीच एक फुली.

'काय लिहितेस?' ग्रेगवारनं बूट काढता काढता विचारलं.
'हिशेब.'
तो 'बरं' म्हणाला. दुसरा बूट काढला.

जूनमध्ये शेत निळं झालं.
जवसाचं फूल उजाडता उघडतं,
दुपारच्या जेवणाआधी गळून जातं.
दुसऱ्या दिवशी दुसरं.
रस्त्यावर गाड्या थांबवून लोक फोटो काढतात;
लांबून बघणाऱ्याला वाटतं, कालचंच निळं आहे.
शेवटच्या कोऱ्या पानावर ओदीलनं हेच उतरवलं,
खाली लिहिलं, 'ती अशी',
आणि पुस्तक परत केलं.

मग तीन महिने लाज.
कुणी वाचलं असेल तर?
ऑक्टोबरात खोडरबर खिशात घालून
ती पुन्हा गाडीत चढली.

पेन्सिलीच्या खाली शाई होती.
'एक कोंबडी सफरचंदाच्या झाडावर झोपायची.
कोल्ह्यानं नेली.
पण झोपायची झाडावरच.'
होडीखाली काही नाही.
फुलीशेजारी आणखी एक फुली, जास्त दाबून काढलेली.
आणि शेवटच्या पानावर:
'फुलाचं ठीक. पुढचं लिही.
जवस कापत नाहीत, मुळासकट उपटतात.
मग शेतातच आडवं पाडून दवात कुजू देतात,
महिना, सव्वा महिना, पालथं-उताणं करत.
तेव्हा कुठे धागा सुटतो.
मी ४७ साली आले या घरात.'

साताच्या पोटातून आडवी रेघ,
उजवीकडे जरा खाली घसरलेली.
ही रेघ तळघरातल्या बरण्यांवर आहे.
आलुबुखार ७१. नाशपाती ७७.
पंचवीस वर्षं ओदील ती पुसून फडताळात लावते आहे.

जेवणाच्या टेबलाशी सिदोनी सफरचंद सोलत होती,
साल न तुटता, एकाच लांब पट्टीत, नेहमीसारखी.
म्हातारी म्हणत आलीय कायम,
कादंबऱ्यांनी डोळे जातात.

खोडरबर खिशातच राहिलं.
ओदीलनं पाव कापला. सूप वाढलं.
ग्रेगवार गुरांकडे गेल्यावर म्हणाली,
'ती झाडावरची कोंबडी.
कोणत्या रंगाची होती?'

सुरी थांबली नाही.
'पांढरी,' सासू म्हणाली.
'म्हणून तर दिसली त्याला.'